देवनागरी लोगो: नावाच्या अक्षरांपासून छापखान्याच्या फाइलपर्यंत

घरगुती मसाले, लाडू, चटण्यांचा व्यवसाय सुरू झाला की लोगोचं काम बहुतेक वेळा असं उरकतं. नाव ठरतं, कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडे जाणं होतं, तो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून पडून असलेलं एखादं पान किंवा शेफची टोपी उचलतो, खाली नाव टाइप करतो, सावली आणि सोनेरी छटा देतो आणि व्हॉट्सॲपवर जेपीजी पाठवतो. स्क्रीनवर ते देखणं दिसतं. पुढे पाऊचवर एका रंगात छापायची वेळ आली की सावलीचा डाग होतो, वेलांटी शिरोरेषेत बुडते, फ्लेक्सवाला म्हणतो फाइल फाटतेय, आणि मूळ फाइल मागायला जावं तर डीटीपीवाल्याचा कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला असतो.

म्हणून कामाचा क्रम उलटा धरा. लोगो सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त छपाईत कुठे वापरला जाणार हे आधी ठरवायचं आणि तिथे टिकेल असाच काढायचा. मोठी पाटी मग आपोआप जमते. खाली उदाहरणासाठी 'उखळ' हे काल्पनिक नाव धरलं आहे. कांडप मसाले आणि कोरड्या चटण्या विकणारा छोटा उद्योग समजा.

जागांची यादी करा

कागदावर लिहून काढा. 'उखळ'साठी ती साधारण अशी होईल: बरणीच्या झाकणावरचा ५० मिमीचा गोल स्टिकर, २०० ग्रॅमच्या पाऊचवर एका रंगातली स्क्रीन छपाई, बिलावरचा रबरी शिक्का, व्हॉट्सॲपचा डीपी, इन्स्टाग्राम, प्रदर्शनातल्या स्टॉलचा १० × ३ फुटांचा फ्लेक्स, कापडी पिशवी. ब्लॉग चालवणाऱ्याची यादी वेगळी असेल: ब्राउझरच्या टॅबमधलं छोटं चिन्ह, मोबाइलवरची शीर्षकपट्टी, लिंक शेअर केल्यावर दिसणारं चित्र, यूट्यूबचा गोल.

या यादीतल्या तीन सगळ्यात अवघड जागांवर खूण करा. आपल्या उदाहरणात त्या शिक्का, एकरंगी पाऊच आणि डीपी. पहिल्या दोघांत एकच रंग आणि छटा नाहीत, तिसऱ्यात जागा नाही. लोगोचे सगळे निर्णय या तिघांना विचारून घ्यायचे.

नाव: आधी कायदा, मग अक्षरं

'खमंग', 'चविष्ट', 'घरगुती', 'मालवणी मसाले' ही नावं सुचतात लगेच, पण ट्रेडमार्कच्या दृष्टीने ती सगळ्यात कमकुवत. ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचा गुण, प्रकार किंवा मूळ ठिकाण एवढंच सांगणारा शब्द सहसा नोंदवला जात नाही, कारण तो शब्द त्या धंद्यातल्या प्रत्येकाला लागतो. देवदेवतांच्या आणि संतांच्या नावांत अडचण गर्दीची आहे. 'साई', 'स्वामी', 'अन्नपूर्णा' यांनी सुरू होणारी नावं इतकी आहेत की ग्राहकालाही तुमची बरणी शेजारच्या बरणीपासून वेगळी आठवत नाही.

महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवायची गोष्ट: छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र व्यापारी कामासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरायला १९५० च्या एम्ब्लेम्स अँड नेम्स कायद्याने मनाई आहे. राष्ट्रध्वज आणि भारत सरकारची राजमुद्रा यांचंही तेच. जिरेटोपाची बाह्यरेषा आणि खाली 'मावळा मसाले' असला प्रस्ताव कोणी घेऊन आला तर तो कितीही देखणा असो, परत करा.

नाव ठरल्यावर आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध घ्या. तिथे उच्चारानुसार शोधायची सोय आहे. रोमन लिपीत जितकी स्पेलिंगं संभवतात ती सगळी टाका. 'उखळ'साठी किमान चार-पाच होतात, शिवाय हिंदीतला 'ओखली'ही बघा. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्रमांकांचे वर्ग पाडलेले असतात: मसाले, पापड, पिठं, चहा हे वर्ग ३० मध्ये येतं आणि लोणचं वर्ग २९ मध्ये. दोन्ही वर्गांत शोधा. डोमेन आणि इन्स्टाग्रामचं हँडल त्याच बैठकीत बघून घ्या.

आता तेच नाव लोगोकार म्हणून पाहा. देवनागरी तीन मजल्यांत चालते: शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मधे अक्षराचं अंग, खाली उकार आणि काही जोडाक्षरांचा दुसरा भाग. 'उखळ' हे नाव फक्त मधल्या मजल्यावर राहतं, त्यामुळे ५० मिमीच्या गोलात अंग मोठं घेता येतं. 'श्री गुरुकृपा' तिन्ही मजले व्यापतं. तेवढ्याच उंचीत त्याचं अंग निम्म्याच्या आसपास उरतं. याचा अर्थ असं नाव ठेवू नका असा नाही. पण अशा नावाला आडवी पट्टी मिळाली तर ते लहान दिसणार हे आधीच धरून चला आणि ते दोन ओळींत मांडायची तयारी ठेवा. दोन ओळींत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात, तेव्हा ओळींतलं अंतर डोळ्यांनी ठरवायचं; सॉफ्टवेअर देईल ते घ्यायचं नाही.

कागदावर अक्षरं

कॉम्प्युटर नंतर. चौकटीच्या वहीत अंगाची उंची ४ चौकटी, वर २, खाली २ असं आखून घ्या आणि नाव वीस-पंचवीस वेळा लिहा: जाड मार्करने, पेन्सिलीने, कट निबने. कट निब घेताना देवनागरीची मागून घ्या. इंग्रजीच्या निबचा काप उलट्या दिशेने तिरका असतो, त्याने मराठी लिहिलं की जाड-बारीक रेघा चुकीच्या जागी पडतात.

मराठीत या कामाची परंपरा मोठी आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं पाहिली तर एक गोष्ट दिसते: अर्थ अक्षराच्या वळणातच असतो, शेजारी चित्र चिकटवावं लागत नाही. 'उखळ'चंच घ्या. ळ च्या दोन गोलांपैकी एकाला उखळाच्या तोंडासारखं वरून उघडं ठेवता येईल का? ख च्या उभ्या दांड्याला मुसळाची जाडी देता येईल का? यातली एकच युक्ती ठेवा. दोन ठेवल्या की वाचणारा शब्द सोडून कोडं सोडवत बसतो.

युक्ती करताना काही अक्षरं हमखास दगा देतात. भ आणि म, ध आणि घ यांतला मुख्य फरक शिरोरेषेतल्या खंडात आहे. शिरोरेषा काढून टाकली, किंवा सलग एकच पट्टी ओढली, की 'भाकरी'ची 'माकरी' आणि 'धनश्री'ची 'घनश्री' होते. शिरोरेषेविना लोगो आधुनिक दिसतो म्हणून ही फॅशन आहे. तुमच्या नावात ही अक्षरं नसतील तरच तिच्या मागे जा. ख चा डावा भाग उजव्यापासून सुटला तर 'खमंग'चं 'रवमंग' वाचलं जातं, म्हणून ख च्या तळाशी दोन भाग जोडलेले ठेवा. ही कसोटी नात्यातल्या माणसांवर घेऊ नका, त्यांना नाव माहीत असतं. अनोळखी माणसाला कागद दोन सेकंद दाखवा, पालथा करा आणि काय वाचलं ते विचारा. पाच जणांपैकी एकानेही चुकीचं वाचलं तर ते अक्षर दुरुस्त करा.

फॉन्ट वापरणार असाल तर

सगळ्यांना अक्षरं हाताने काढणं जमत नाही, आणि चांगला फॉन्ट घेऊन त्यात एखादं अक्षर बदलणं हा पूर्णपणे सभ्य मार्ग आहे. मुक्त परवान्याचे, म्हणजे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालचे देवनागरी फॉन्ट लोगोत आणि व्यापारी कामात विनामूल्य वापरता येतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू', शिवाय नोटो सान्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे सगळे गूगल फॉन्ट्सवर आहेत. बलू गोलमटोल आणि खेळकर आहे, पण खाऊच्या गाड्यांपासून शिकवणीच्या पाट्यांपर्यंत इतका वापरला गेला आहे की त्याने वेगळेपण येत नाही. विंडोजचा मंगल मजकुरासाठी ठीक, लोगोसाठी नको.

निवडताना चार गोष्टी तपासा. एक, ल आणि श. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात. अनेक फॉन्टमध्ये मूळ रूप हिंदीचं असतं आणि मराठी रूप आत दडलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ते दिसतं. 'शीतल', 'कमल', 'लक्ष्मी' अशा नावांत हा फरक मराठी डोळ्याला लगेच खटकतो. दोन, ॲ. जुन्या फॉन्टमध्ये हे अक्षरच नसतं आणि त्या जागी चौकोन येतो. तीन, 'ऱ्या' आणि 'ऱ्हा'. 'गोऱ्हे', 'सुऱ्या' असे शब्द टाइप करून बघा. अर्धा र नीट आला नाही तर तो फॉन्ट तुमच्यासाठी नाही. चार, तुमच्या नावातलं प्रत्यक्ष जोडाक्षर. फॉन्टच्या नमुन्यात सुंदर दिसणारं 'क' तुमच्या 'क्ष्मी'बद्दल काहीच सांगत नाही.

पहिली (ऱ्हस्व) वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आहे किंवा हलन्त सुटा दिसतो आहे असं झालं तर दोष फॉन्टचा नसतो. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी किंवा साउथ एशियन कंपोझर निवडा. कोरलच्या जुन्या आवृत्त्या युनिकोड देवनागरी नीट जोडत नाहीत; तिथे मजकूर टाइप करण्याऐवजी इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये तयार करून वक्ररेषांच्या, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराऐवजी नुसत्या आकारांच्या स्वरूपात न्या. इंकस्केप विनामूल्य आहे आणि देवनागरी व्यवस्थित जोडतं.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची इंग्रजी लोगोंची सवय इथे चालत नाही. अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं लोंबकळतं. मोकळेपणा हवाच असेल तर मजकुराच्या वक्ररेषा करा, अक्षरं सरकवा आणि शिरोरेषा नव्याने सलग काढा.

वक्ररेषा आणि 'युनियन': इथे सगळ्यात जास्त माल वाया जातो

छापखान्याला फाइल देण्याआधी मजकुराच्या वक्ररेषा कराव्या लागतात, नाहीतर त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला की दुसरीच अक्षरं उमटतात. इंकस्केपमध्ये मजकूर निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' द्या. कोरलमध्ये त्याला 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' म्हणतात. बहुतेक जण इथेच थांबतात.

देवनागरीत थांबू नका. प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. काळ्या रंगात छापताना हे दिसत नाही. पण हीच फाइल व्हिनाइल कापणाऱ्या मशीनला किंवा ॲक्रिलिकच्या लेझर कटिंगला दिली की मशीन प्रत्येक तुकड्याची कड कापतं, आणि पाटीवरच्या शिरोरेषेत दर अक्षरामागे चीर पडते. फिकट पारदर्शक रंग दिला की तिथे गडद पट्टे येतात. बाहेरून रेघ दिली की रेघ शिरोरेषेच्या आत शिरते. उपाय एका आज्ञेचा आहे: आधी गट सोडवा, सगळी अक्षरं निवडा आणि 'युनियन' द्या; कोरलमध्ये 'वेल्ड'. मग बाह्यरेषेच्या दृश्यात जाऊन बघा. शिरोरेषा एकसलग दिसली पाहिजे, मधे एकही उभी रेघ नको. अक्षरांच्या आतली भोकं भरून गेली नाहीत ना, तेही तिथेच कळतं.

वक्ररेषा करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. नंतर शब्द बदलता येत नाही.

चिन्ह हवंच का?

नाव तीन-चार अक्षरांचं असेल तर वेगळं चिन्ह लागत नाही. डीपी आणि टॅबसाठी पहिलं अक्षर पुरतं. 'उखळ'चा 'उ' किंवा तो खास ळ, एवढंच एका गोलात. लांब नाव असेल, 'सह्याद्री गृहउद्योग' असं काही, तर चिन्ह लागतं; मग ते तुमच्याच अक्षरातून काढा. तयार संग्रहातली पानं, टोप्या, वाफाळणारे कप घेऊ नका. ते दिसायला वाईट असतात म्हणून नव्हे, दुसऱ्याकडेही तेच असतात म्हणून. कॅनव्हातले लोगोचे साचे कोणालाही वापरता येतात आणि त्यांवर तुमचा एकट्याचा हक्क येत नाही, त्यामुळे तसा लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. तिथे काम करायचंच असेल तर साध्या आकृत्या आणि फॉन्ट एवढ्यावर करा. एआयकडून काढलेल्या चित्रात देवनागरी जोडाक्षरं अनेकदा बिघडलेली असतात आणि फाइल ठिपक्यांची, म्हणजे मोठी केली की फाटणारी असते. कल्पना घ्यायला ठीक. अंतिम रेघ स्वतः ओढा.

गोलात बसवताना एक माप पाठ करा. चौकोनी चित्र गोल कापलं जातं तेव्हा त्यात पूर्ण सुरक्षित राहणारा चौकोन बाजूच्या सुमारे ७० टक्के असतो. म्हणजे १००० पिक्सेलच्या चौकोनात मजकूर मधल्या ७०० मध्येच हवा. उकार आणि वेलांट्या नेमक्या कापल्या जातात त्या याच चुकीने.

रंग

एकरंगी लोगो पूर्ण झाल्याशिवाय रंगाला हात लावू नका. नंतर एक मुख्य रंग आणि फार तर एक जोडरंग. पाऊचवरच्या स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो आणि खर्च त्या पटीत वाढतो. शिवाय दोन रंग नेमके एकमेकांवर बसले नाहीत की बारीक अक्षरांच्या कडेला पांढरी किनार दिसते.

स्क्रीनवर रंग प्रकाशाचे, कागदावर शाईचे. मोबाइलवर झळाळणारा पोपटी किंवा भडक केशरी चार शाईंच्या छपाईत मळकट उतरतो, आणि त्यात छापखान्याची चूक नसते. म्हणून रंग सीएमवायकेत, म्हणजे निळसर (सी), गुलाबी (एम), पिवळी (वाय) आणि काळी (के) या चार शाईंच्या टक्क्यांत ठरवा आणि आकडे लिहून ठेवा. उदाहरणार्थ, केशरीसाठी सी ०, एम ६०, वाय १००, के ०. मिरचीच्या गडद लालसाठी सी २०, एम १००, वाय १००, के १५. एवढ्यावर विसंबू नका, एक पान छापून उन्हात आणि ट्यूबलाइटखाली बघा. काळी बारीक अक्षरं फक्त के १०० मध्ये ठेवा; चार शाई मिसळून केलेला काळा जरा हलला की अक्षराला रंगीत सावली येते.

मसालेवाल्यांना हळदीचा पिवळा हवा असतो. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं वाचता येत नाहीत. पिवळा पार्श्वभूमीला द्या, अक्षरं गडद तांबडी किंवा काळी ठेवा. वेबसाइटवर मजकूर आणि पार्श्वभूमीतलं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर किमान ४.५:१ हवं, ते मोजणारी साधनं मोफत मिळतात. खाकी क्राफ्ट पाऊच निवडला असेल तर सगळे फिके रंग विसरा. खाली पांढऱ्या शाईचा थर दिला नाही तर लाल विटकरी होतो आणि पिवळा नाहीसा होतो. क्राफ्टवर काळा किंवा गडद तपकिरी, एवढंच चांगलं उठतं.

चाचणी, मापासकट

ए४ कागदावर लोगो काळ्या रंगात रुंदी ६०, ३६, २०, १२ मिमी अशा चार मापांत छापा. शेजारी काळ्या पट्टीवर पांढरा, तीच मापं. घरातल्या साध्या प्रिंटरवरच छापा, महागड्या कागदावर नको. १२ मिमीला नाव वाचता आलं नाही तर चालेल, पण आकार ओळखू आला पाहिजे. २० मिमीला नाव वाचता आलंच पाहिजे. भ, घ, श्र, ळ यांची पोटं भरून आली असतील तर अक्षराची जाडी एक पायरी कमी करा, किंवा लहान मापासाठी पोटं मोकळी केलेली वेगळी आवृत्ती ठेवा.

बारीक रेघेची मर्यादा अशी धरा: शिक्क्यासाठी ०.३ मिमी, पाऊच किंवा कापडावरच्या स्क्रीन छपाईसाठी ०.५ मिमी, भरतकामासाठी १ मिमी. भरतकामात अंगाची उंची ६ मिमीपेक्षा कमी ठेवली तर वेलांटी दोऱ्याच्या गाठीत हरवते. गडदावर पांढरं छापताना शाई आत पसरते, म्हणून रेघ नेहमीपेक्षा थोडी जाड घ्या. मोबाइलसाठी ४८ पिक्सेलचं चित्र करून गॅलरीत नव्हे, चॅटच्या यादीत बघा.

रोमन नावही सोबत हवं असेल तर ते देवनागरीच्या खाली, अंगाच्या उंचीच्या ३५ ते ४० टक्के. समान पॉइंटमध्ये दोन्ही लिप्या टाइप केल्या की देवनागरी लहान दिसते, कारण तिची जागा वरच्या-खालच्या मजल्यांत गेलेली असते. दुकानाच्या पाटीवर तर हा कायद्याचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात पाटी मराठीत, देवनागरीत लागते आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही त्यात आली.

कोणत्या फाइली ताब्यात हव्यात

- मूळ संपादन करता येणारी फाइल: एसव्हीजी, एआय किंवा सीडीआर
- वक्ररेषा आणि युनियन केलेली पीडीएफ, सीएमवायके रंगांत
- तीच, फक्त काळ्यात. आणि तीच, फक्त पांढऱ्यात
- पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, रुंदी २००० पिक्सेल
- १००० × १००० पिक्सेलचा गोलासाठीचा चौकोन
- फॉन्टचं नाव, परवाना आणि रंगांचे आकडे असलेलं एक पान

जेपीजीत पार्श्वभूमी पारदर्शक राहत नाही, म्हणून रंगीत लेबलवर पांढरा चौकोन येतो. व्हॉट्सॲपवर लोगो फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ठिपक्यांची फाइल द्यावीच लागली तर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून मोजा: ५० मिमीच्या स्टिकरला सुमारे ५९० पिक्सेल लागतात. फ्लेक्सला प्रत्यक्ष मापात ७२ ते १०० डीपीआय पुरतं, कारण तो लांबून बघितला जातो.

डिझायनरशी लेखी काय ठरवायचं

पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं बहुतेकांना वाटतं. कॉपीराइट ॲक्ट १९५७ नुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलाकाराकडे मूळ हक्क राहू शकतो, म्हणून लेखी आणि त्याच्या सहीचं हस्तांतर घ्या. त्यातही एक खाच आहे. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. दुबईला किंवा न्यू जर्सीला फराळ पाठवणाऱ्यांना हे महागात पडू शकतं. वाक्य असं हवं: 'या लोगोचे संपूर्ण कॉपीराइट हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी, इतक्या रकमेच्या मोबदल्यात यांच्याकडे हस्तांतरित केले आहेत.' खाली दोघांची नावं, तारीख, सह्या आणि लोगोचं छापील चित्र.

त्याच कागदावर किती पर्याय मिळणार, किती वेळा दुरुस्ती होणार आणि वरच्या फाइली कधी मिळणार हे लिहा. तीन पर्याय आणि दोन दुरुस्त्या पुरतात. दहा पर्याय मागितले की एका कल्पनेचे दहा रंग मिळतात.

ट्रेडमार्क

अर्ज टीएम-ए, ऑनलाइन. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. मालकी एकट्याची असेल तर कमी शुल्क लागतं. भागीदारी किंवा कंपनी असेल तर उद्यम, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. मसाले आणि लोणचं दोन्ही विकत असाल तर वर्ग दोन, शुल्कही दोनदा.

पैसे एकाच अर्जाचे असतील तर आधी नावाचा, म्हणजे शब्दाचा अर्ज करा. लोगो पुढे बदलेल, नाव बदलणार नाही. लोगोचा अर्ज काळ्या-पांढऱ्यात करा: रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेलं चिन्ह सगळ्या रंगांसाठी नोंदलं गेल्याचं कायदा मानतो. चित्र ८ × ८ सेंटिमीटरमध्ये बसवा आणि मराठी शब्दाचा उच्चार व अर्थ इंग्रजीत लिहून द्या. तपासणी अहवालात आक्षेप आला तर उत्तराला ३० दिवस असतात, म्हणून अर्जातला ईमेल रोज बघितला जाणारा हवा. ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. 'टीएम' ही खूण आजपासून लावता येते. वर्तुळातला 'आर' नोंदणी मिळेपर्यंत लावू नका, खोटी नोंदणी दाखवणं गुन्हा आहे.

ब्लॉग किंवा वेबसाइट असेल तर

इथे काम थोडं आहे. टॅबसाठी एकच अक्षर, जाड, ४८ × ४८ पिक्सेल, जोडाक्षर नको. मोबाइलच्या शीर्षकपट्टीत लोगोला ४० ते ५० पिक्सेल उंची मिळते, म्हणून तिन्ही मजल्यांचं नाव असेल तर तिथे आडवी, एका ओळीची आवृत्ती वापरा आणि फाइल एसव्हीजी द्या. लिंक शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्राचं माप १२०० × ६३० ठेवा, त्यात लोगो कोपऱ्यात छोटा आणि लेखाचं शीर्षक मोठं. सगळ्या लेखांना शीर्षकाचा फॉन्ट, पट्टीचा रंग आणि लोगोची जागा एकच राहिली की तीच तुमची ओळख होते.

पहिली छपाई

लेबलवर लोगोने सगळी जागा खाऊ नये. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचं) चिन्ह आणि १४ आकडी क्रमांक, शाकाहारी खूण, घटक, वजन, किंमत, तारखा यांना जागा आधी सोडा, मग उरलेल्यात लोगो. तेलकट चटणीच्या बरणीला साधा क्रोमो कागदी स्टिकर लावला की चार दिवसांत तेलाचा डाग लोगोपर्यंत चढतो. तिथे लॅमिनेशन करा किंवा प्लास्टिक फिल्मचा स्टिकर घ्या. फ्रिजमध्ये राहणाऱ्या मालासाठी गोंदही वेगळा लागतो. रिकाम्या बरणीवर स्टिकर लावून ती दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि मग ऑर्डर द्या.

सुरुवातीला डिजिटल छपाईची १२ × १८ इंची पानं घ्या. ५० मिमीचे गोल, मधे ३ मिमी अंतर धरून, एका पानावर ४० बसतात. रंगाने भरलेल्या गोलाला चारी बाजूंनी आणखी २ ते ३ मिमी रंग पुढे वाढवा, नाहीतर काप जरा सरकला की पांढरी कड दिसते. पाच पानं, म्हणजे दोनशे स्टिकर, बाजारात जाऊ द्या. हजारांची ऑफसेट ऑर्डर त्यानंतर. जो नमुना पसंत पडेल त्यावर तारीख घालून सही करा, एक छापखान्याकडे आणि एक तुमच्या फाइलमध्ये, उन्हापासून दूर. पुढच्या खेपेला रंग जुळवताना मोबाइलची स्क्रीन दाखवू नका, तो कागद दाखवा.